‘आय’ नावाचं व्हेरिएबल कुणाचं?

काही वर्षांपूर्वी एका छोट्या शिकवणी वर्गाच्या फीच्या पावत्या छापणारं वेबपान माझ्याकडे दुरुस्तीला आलं. तक्रार विचित्र होती. एकाच विद्यार्थ्याची पावती काढली तर ती बिनचूक निघायची. दोघा-चौघांची यादी दिली तर फक्त पहिल्याची निघायची, बाकीच्यांचा पत्ताच नाही. आणि यादीत पाच किंवा जास्त नावं असली की पान गोठायचं, ब्राउझर बंद करण्यावाचून इलाज उरायचा नाही.

पानावर जावास्क्रिप्टच्या दोन फायली होत्या, दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वेळी लिहिलेल्या. पहिली फाइल विद्यार्थ्यांच्या यादीवरून लूप फिरवत होती आणि मोजणीसाठी तिनं ‘आय’ हे नाव घेतलं होतं, जगातला प्रत्येक प्रोग्रॅमर घेतो तसं. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी ती दुसऱ्या फाइलमधल्या ‘हप्ते’ या फंक्शनला हाक मारायची. फीचे हप्ते तीन, म्हणून ‘हप्ते’च्या आतही एक लूप होता, शून्यापासून दोनपर्यंत. त्याच्याही मोजणीचं नाव ‘आय’च. फक्त तिथं त्या नावाच्या आधी, नाव जाहीर करणारा ‘व्हार’ हा शब्द लिहायचा राहून गेला होता.

आता आकडे हातानं फिरवून बघा. बाहेरचा ‘आय’ शून्य आहे, म्हणजे पहिला विद्यार्थी. ‘हप्ते’ चालतं, आतला लूप ०, १, २ करून संपतो आणि ‘आय’ ३ वर थांबतो. पण हा ‘आय’ आतला नाहीच, तो बाहेरचाच आहे. बाहेरचा लूप त्यात एक मिळवतो, झाले ४. यादीत चारच विद्यार्थी असतील तर काम संपलं, पावती एकाचीच निघाली. पाच असतील तर पाचव्याची पावती बनते, ‘हप्ते’ पुन्हा ‘आय’ला ३ वर आणतं, बाहेरचा लूप पुन्हा ४ करतो, पुन्हा पाचवाच विद्यार्थी. याला अंत नाही.

दोन्ही फायली वेगवेगळ्या तपासल्या तर दोन्ही बरोबर चालायच्या. चूक त्या दोघींच्या मधल्या जागेत होती, आणि त्या मधल्या जागेचंच नाव ग्लोबल स्कोप.

एका वेबपानावर जितक्या साध्या स्क्रिप्ट टॅगनं फायली येतात, त्या सगळ्यांना मिळून नावं ठेवायला एकच जागा असते. तुमची स्वतःची फाइल, भेटी मोजणारी स्क्रिप्ट, जाहिरात, पैसे भरण्याचं बटण, चॅटची खिडकी, सगळ्यांचा संसार तिथंच. ब्राउझरमध्ये या जागेचा कारभार ‘विंडो’ नावाच्या ऑब्जेक्टकडे आहे. कुठल्याही फंक्शनच्या बाहेर ‘व्हार’ लावून नाव जाहीर केलंत की ते विंडोला चिकटतं. फंक्शनच्या आत असलात, पण नाव जाहीर न करता थेट किंमत दिलीत, तरीही जावास्क्रिप्ट कुरकुर न करता ते नाव ग्लोबल करून टाकते. शिकवणी वर्गाच्या पानावर हे दोन्ही प्रकार एकत्र झाले होते: पहिल्या फाइलनं ‘आय’ बाहेर उघड्यावर जाहीर केला होता, दुसरीनं तो जाहीर न करताच वापरला होता.

त्यातून ही जागा रिकामी नसते. ब्राउझरनं आधीच तिथं शेकडो नावं मांडून ठेवलेली असतात. ‘नेम’ हे त्यातलं एक. नवशिक्या माणूस फंक्शनच्या बाहेर ‘व्हार’ लावून ‘नेम’मध्ये ५ हा आकडा ठेवतो, त्यात १ मिळवतो आणि उत्तर येतं ५१. कारण विंडोचं ‘नेम’ हे खिडकीचं नाव आहे, त्यात काहीही ठेवा, ब्राउझर त्याचा मजकूर करून टाकतो, आणि मजकुराला १ जोडला की ५१ होणारच. ‘टॉप’ला किंमत दिली तर ती टिकतच नाही, सूचनाही मिळत नाही. ‘लोकेशन’ची गंमत तर बघण्यासारखी आहे. पत्त्यातलं शहर ठेवायला कुणी ते नाव घेतलं आणि त्यात ‘पुणे’ लिहिलं, की ब्राउझर चालू पान सोडून ‘पुणे’ नावाच्या पानाच्या शोधात निघून जातो. एवढंच नाही, पानावरच्या एखाद्या चौकटीला आयडी म्हणून ‘एकूण’ दिलंत तर तेही विंडोवर ‘एकूण’ या नावानं हजर होतं.

अशी भाषा केली तरी का, हा प्रश्न मला अनेक विद्यार्थी विचारतात. उत्तर तिच्या जन्मात आहे. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला. तेव्हा तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात जावास्क्रिप्ट. फॉर्ममधली चौकट रिकामी राहिली का ते बघणं, माउस वर आला की चित्र बदलणं, अशी दहा-वीस ओळींची कामं डोळ्यांसमोर होती. इतक्या लहान कामाला वेगवेगळ्या खोल्या कशाला? एका फाइलनं ठेवलेलं दुसऱ्या फाइलला सहज सापडावं, हीच तेव्हा सोय होती. त्याच एका खोलीत पुढं नकाशे आले, ईमेल आलं, बँका आल्या. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००८ च्या ‘जावास्क्रिप्ट: द गुड पार्ट्स’ या पुस्तकात ग्लोबल व्हेरिएबलवर विसंबून असणं हा या भाषेचा सर्वांत वाईट भाग ठरवला. मला ते मत पटतं. बाकीचे दोष ज्याच्या त्याच्या फाइलमध्ये त्रास देतात, हा दोष दुसऱ्याच्या घरात जाऊन नुकसान करतो.

यावर पहिला तोडगा निघाला तो भाषेत काहीही न बदलता, आणि तो आपण गावांच्या नावांबाबत कधीचा वापरत आलो आहोत. नुसतं ‘वडगाव’ म्हटलं तर पुण्याच्या आसपास कुणालाही पुढचा प्रश्न सुचतो, कोणतं वडगाव? वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव मावळ. मूळ नाव कुणालाच सोडावं लागलं नाही, त्याला एक शब्द जोडला आणि टपाल बरोबर पोचलं. नेमस्पेस म्हणजे हेच. ग्लोबल जागेत फक्त एक नाव घ्यायचं, तिथं एक ऑब्जेक्ट ठेवायचा आणि आपली बाकीची सगळी नावं त्याच्या पोटात.

समजा, किराणा दुकानाचं पान आहे. ‘एकूण’, ‘सूट’, ‘कर’, ‘छापा’ अशी वीस नावं उघड्यावर टाकण्याऐवजी ‘दुकान’ हे एकच नाव घेतलं. मग दुकान.बिल.एकूण, दुकान.बिल.सूट, दुकान.माल.शिल्लक अशी हाक मारता येते. (हे फक्त समजावण्यासाठी मराठीत लिहिलेलं नाही. जावास्क्रिप्ट देवनागरी नावं खरोखर स्वीकारते, ‘दुकान.बिल.एकूण’ ब्राउझरमध्ये जसंच्या तसं चालतं. भाषेचे स्वतःचे शब्द तेवढे रोमन लिपीत लिहावे लागतात.) याहूनं २००६ मध्ये आपली युजर इंटरफेस लायब्ररी सर्वांना खुली केली तेव्हा तिचं सगळं सामान ‘याहू’ या एका ग्लोबल नावाखाली होतं, त्यात ‘युटिल’, त्यात ‘डॉम’, ‘इव्हेंट’ असे कप्पे. पल्लेदार नावं टाइप करताना बोटं दुखायची, पण दुसऱ्या कुणाच्या ‘इव्हेंट’शी टक्कर व्हायची नाही.

अनेक फायलींत पसरलेलं दुकान असेल तर प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ लिहायची पद्धत पडली. मराठी अक्षरांत ती अशी दिसेल: व्हार दुकान = दुकान || {}; मधल्या दोन उभ्या रेषा म्हणजे ‘किंवा’. दुकान आधीच उघडलेलं असेल तर तेच घ्या, नसेल तर नवं, रिकामं उघडा. या ओळीतला ‘व्हार’ अत्यावश्यक आहे. तो नसला आणि दुकान आधी उघडलेलं नसलं, तर नसलेलं नाव वाचायला गेल्याबद्दल ब्राउझर तिथंच चूक दाखवून थांबतो. ‘व्हार’ असला की नाव आधी जाहीर होतं, आणि त्यात कुणी आधी काही ठेवलं असेल तर ते पुसलंही जात नाही. त्याच जागी नव्या पद्धतीचा ‘लेट’ लिहिलात तर ही युक्ती मोडते, कारण ‘लेट’नं जाहीर केलेलं नाव त्याच ओळीत, जाहीर होण्याआधी वाचता येत नाही. जुन्या कोडमधले सगळे ‘व्हार’ एका दमात ‘लेट’ करून टाकणाऱ्यांनी ही एक ओळ जपून हाताळावी.

मात्र ऑब्जेक्टचा नेमस्पेस ही पाटी आहे, भिंत नाही. दुकान.पावतीक्रमांक मध्ये १०७ असताना कुठल्याही फाइलनं तिथं १ लिहिला तर तो लिहिला जातो. ‘दुकान’ हे नावच दुसऱ्या कुणी घेतलं तर अख्खं दुकान पुसलं जातं. भिंत हवी असेल तर जावास्क्रिप्टमध्ये तेव्हा एकच वस्तू होती: फंक्शन. फंक्शनच्या आत जाहीर केलेलं नाव बाहेरून दिसत नाही. मग लोकांनी सगळा कोड एका फंक्शनमध्ये घातला, ते फंक्शन कंसात ठेवलं आणि लिहिल्या जागीच चालवून टाकलं. या रचनेला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘इफी’ म्हणतात. हे नाव बेन अल्मन यांनी २०१० मध्ये सुचवलं आणि तेच रुळलं, युक्ती त्याच्या बरीच आधीपासून वापरात होती.

पावती क्रमांकाचंच उदाहरण घेऊ, कारण नेमस्पेस आणि भिंत एकत्र आल्यावर काय साधतं ते त्यात दिसतं. फंक्शनच्या आत ‘क्रमांक’ जाहीर केला, त्यात १०७ ठेवले. तिथंच ‘पुढचा’ नावाचं छोटं फंक्शन लिहिलं, जे क्रमांकात एक मिळवून तो परत देतं. बाहेरचं फंक्शन संपताना एक ऑब्जेक्ट परत करतं, ज्यात फक्त ‘पुढचा’ आहे. तो ऑब्जेक्ट दुकान.पावती या नावावर ठेवला. आता बाहेरचं फंक्शन चालून संपलेलं आहे, तरी ‘पुढचा’ला आपला ‘क्रमांक’ आठवतो, कारण जावास्क्रिप्टमध्ये आतलं फंक्शन आपल्या जन्माच्या जागेतली नावं सोबत बाळगतं. याला क्लोजर म्हणतात. दुकान.पावती.पुढचा चालवला की १०८ मिळतो, पुन्हा चालवला की १०९. पण क्रमांक मागं नेण्याचा, शून्य करण्याचा मार्ग पानावरच्या कुठल्याही कोडला उरलेला नाही. खिडकीतून चिठ्ठी आत द्यायची आणि क्रमांक घ्यायचा, वही बाहेर येत नाही. ज्या भाषेकडे खासगी काही ठेवायची सोयच नाही असं म्हटलं जायचं, तिच्यात नुसत्या फंक्शनांतून ही सोय उभी राहिली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

एका नावावर दोघांनी हक्क सांगितला तर काय, याचं गाजलेलं प्रकरण डॉलर चिन्हाचं. जावास्क्रिप्टमध्ये नुसतं डॉलर चिन्हही व्हेरिएबलचं नाव होऊ शकतं. प्रोटोटाइप या लायब्ररीनं ते घेतलं होतं. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली, तिनंही तेच घेतलं. दोन्ही एका पानावर आल्या की जी शेवटी यायची तिचं डॉलर चालायचं आणि पहिलीवर विसंबलेला कोड कोसळायचा. जेक्वेरीनं यावर सभ्य उपाय केला. ती येताना डॉलरच्या जागी आधी जे होतं ते बाजूला जपून ठेवते, आणि ‘नोकॉन्फ्लिक्ट’ हे फंक्शन चालवलं की मूळ मालकाला ते परत देऊन स्वतः ‘जेक्वेरी’ या पूर्ण नावावर राहते. दुसऱ्यांच्या पानावर जाणारा कोड लिहिणाऱ्या प्रत्येकानं हा शिष्टाचार शिकावा.

भाषेनं स्वतः हा प्रश्न सोडवावा असा मोठा प्रयत्नही झाला. जावास्क्रिप्टच्या प्रमाणित रूपाची चौथी आवृत्ती तयार होत होती, तिच्यात पॅकेज आणि नेमस्पेस या नावांच्याच सोयी होत्या. अनेक वर्षं वाद चालला, आणि २००८ मध्ये ती आवृत्तीच सोडून देण्यात आली. पॅकेज आणि नेमस्पेस हे दोन्ही प्रस्ताव वेबसाठी योग्य नाहीत असं ठरवून कायमचे बाजूला ठेवले गेले. पुढं २००९ मध्ये दोन गोष्टी घडल्या. रायन डाल यांनी ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणलं, त्यात प्रत्येक फाइल आपोआप स्वतंत्र मॉड्यूल होती, म्हणजे तिची नावं तिच्या भिंतीआडच राहायची. आणि भाषेच्या पाचव्या आवृत्तीत ‘स्ट्रिक्ट मोड’ आला, ज्यात जाहीर न केलेल्या नावाला किंमत दिली की ते नाव ग्लोबल होत नाही, ब्राउझर थेट चूक दाखवतो. शिकवणी वर्गाच्या ‘हप्ते’वाल्या फाइलवर स्ट्रिक्ट मोडची ओळ असती आणि ती फाइल एकटी चालवून बघितली असती, तर ‘आय’ची भानगड पहिल्याच दिवशी, ओळ क्रमांकासकट पकडली गेली असती. दोन्ही फायली एकत्र असताना मात्र नाही, कारण तिथं ‘आय’ पहिल्या फाइलनं जाहीर केलेलाच होता.

अखेर २०१५ च्या जूनमध्ये मॉड्यूल भाषेचा अधिकृत भाग झाले, सोबत ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ही आले. ब्राउझरांत ते उतरायला आणखी दोन-तीन वर्षं गेली: २०१७ मध्ये सफारी आणि क्रोम, २०१८ मध्ये फायरफॉक्स. स्क्रिप्ट टॅगवर प्रकार ‘मॉड्यूल’ असं लिहिलं की ती फाइल स्वतःची भिंत घेऊन येते. तिच्यात सर्वांत वरच्या पातळीवर जाहीर केलेलं नावही विंडोवर जात नाही. स्ट्रिक्ट मोड आपोआप लागू असतो. बाहेर द्यायचं ते ‘एक्स्पोर्ट’नं द्यायचं, हवं ते ‘इम्पोर्ट’नं नाव घेऊन मागायचं. फाइल वाचायला घेतली की वरच्या चार ओळींतच कळतं ती कुणाकुणावर अवलंबून आहे. पूर्वी ही माहिती स्क्रिप्ट टॅगांच्या क्रमात आणि कुणाच्या तरी डोक्यात असायची.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ‘लेट’ वापरलं म्हणजे ग्लोबलपासून सुटका, असं पुष्कळ जण समजतात. साध्या स्क्रिप्ट फाइलमध्ये वरच्या पातळीवर ‘लेट’ लावलेलं नाव विंडोला चिकटत नाही हे खरं, पण ते पानावरच्या इतर सर्व स्क्रिप्टना दिसतंच. दोन फायलींनी ‘लेट’ लावून एकच नाव जाहीर केलं तर दुसरी फाइल चालतच नाही, पूर्णच्या पूर्ण नाकारली जाते. गुपचूप बिघडण्यापेक्षा हे बरं, पण टक्कर ती टक्करच.

जुनं पान मॉड्यूलवर नेताना हमखास अडखळायला होतं ते बटणांपाशी. एचटीएमएलमध्ये बटणावरच ‘ऑनक्लिक’ लिहून ‘जतन’ फंक्शन बोलावलेलं असतं. फाइल मॉड्यूल झाली की ‘जतन’ भिंतीच्या आत गेलं, बटण ते बाहेर शोधतं आणि त्याला काही सापडत नाही. यावर ‘जतन’ पुन्हा विंडोवर चिकटवून मोकळं होण्याचा मोह होतो. तो टाळावा, मॉड्यूलच्या आतूनच ‘ॲड इव्हेंट लिसनर’नं बटणाशी जोडणी करावी. शिवाय मॉड्यूलचं पान फोल्डरमधून नुसतं डबल-क्लिक करून उघडलं तर ब्राउझर सुरक्षेच्या कारणानं मॉड्यूलची फाइल घेत नाही, स्वतःच्या संगणकावर का होईना, छोटा सर्व्हर चालवावा लागतो. पहिल्याच दिवशी हे कुणी सांगितलं नाही तर शिकणारा माणूस मॉड्यूललाच दोष देऊन परत फिरतो.

भिंती आल्या तरी काही जागा अजून सामाईकच आहेत, आणि तिथं झालेल्या चुका पंधरा-वीस वर्षं पुरतात. मूटूल्स या जुन्या लायब्ररीनं भाषेच्या अंगभूत ॲरेमध्येच ‘फ्लॅटन’ नावाचं फंक्शन स्वतःच्या पद्धतीनं घातलं होतं. पुढं भाषेला त्याच नावाचं फंक्शन अधिकृतपणे आणायचं होतं, तर २०१८ मध्ये लक्षात आलं की त्यामुळे मूटूल्सवर उभी असलेली जुनी संकेतस्थळं मोडतात. शेवटी अख्ख्या भाषेनं माघार घेतली आणि त्या फंक्शनचं नाव ‘फ्लॅट’ ठेवलं. म्हणून ॲरे, स्ट्रिंग यांसारख्या अंगभूत वस्तूंत आपली फंक्शनं घालू नयेत, हे मी ग्लोबल व्हेरिएबलइतकंच आग्रहानं सांगतो.

नवं काम सुरू करत असाल तर मॉड्यूलच वापरा, नेमस्पेसचा ऑब्जेक्ट बनवायची गरज नाही. पण दहा-बारा वर्षांचं पान सांभाळायला मिळालं असेल, तीस फायली स्क्रिप्ट टॅगनं लावलेल्या असतील आणि सगळं एकदम बदलायला ना वेळ ना पैसे, तर एकच ग्लोबल नाव घ्या आणि एकेक फाइल त्याच्या पोटात नेत चला. तीस फायलींची चाळीस-पन्नास उघडी नावं एकावर आली की पुढचं मॉड्यूलपर्यंतचं अंतर लहान होतं.

सुरुवात आजच करता येईल. आपल्या एखाद्या जुन्या पानाची एक प्रत करा, प्रत्येक फाइलच्या अगदी पहिल्या ओळीवर अवतरणचिन्हांत ‘यूज स्ट्रिक्ट’ हे दोन शब्द रोमन लिपीत लिहा, पान उघडा, सगळी बटणं एकदा दाबून बघा आणि कन्सोलमध्ये लाल अक्षरांत कोणती नावं येतात ती कागदावर उतरवून घ्या. त्यातली बहुतेक नावं कुणीतरी जाहीर करायला विसरलेली आहेत.